न पाठवलेले तुकडे

मित्रांनो, मी सुर्ल्याच्या खाणीवरचा एक जुना, पिचलेला डबा आहे. आकाराने तुमच्या दप्तरातल्या जाड पुस्तकाएवढा. रंग मूळचा राखाडी, आता तांबडा, कारण इथे सगळ्यांचाच रंग शेवटी तांबडा होतो. माझ्या एका कोपऱ्यावर हातोड्याचा घाव आहे आणि झाकणाच्या फटीत रक्ताचा वाळलेला ओघळ आहे. डब्याला रक्त नसते. ते रक्त एका माणसाचे आहे. ज्याचे आहे त्याने मला वाचवले, आणि तसा तो माझा अपराधीही आहे. मी कोण, काय काम केले आणि माझ्या हातून काय घडले, ते आज तुम्हाला सांगतो. गोड गोष्ट नाही. पण ऐका.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. गावाचे नाव पाठीवरच्या चिठ्ठीवर होते, ती चिठ्ठी धुळीने खाल्ली. आम्ही दोघे जुळे भाऊ. एकाच खोक्यातून गोव्यात आलो आणि इथे आमची ताटातूट झाली. भाऊ गेला आमोण्याला, मांडवीच्या काठी, कंपनीच्या कचेरीत. मी राहिलो सुर्ल्याला, खाणीच्या तोंडाशी, पत्र्याच्या खोलीत. आमच्या मध्ये आठ-दहा किलोमीटर लांबीची टेलिफोनची एक जुनी तांब्याची तार होती.

आम्हाला आणले कशासाठी, तेही सांगतो. सुर्ल्याला फोडलेले, चाळलेले खनिज रबराच्या एका लांबलचक पट्ट्यावरून वर चढते आणि उंच टाकीत पडते. टाकीखाली ट्रक लागतात. ते ट्रक आमोण्याला जाऊन बार्ज, म्हणजे नदीतल्या सपाट मालवाहू बोटी, भरतात. बार्ज लागला की पट्टा चालू, बार्ज भरला की पट्टा बंद. म्हणून कंपनीने ठरवले, की पट्ट्याचे बटणच आमोण्याला ठेवावे. पट्ट्यावर कॅमेरा लावला. त्याचे चित्र तारेवरून आमोण्याच्या पडद्यावर जाई. ते बघून बटण दाबणारी बाई म्हणजे सुमंगला गावस.

सुमंगला आमोण्याचीच. तिच्या घरचे शेत नदीकाठच्या खाजणात, बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीत. शिकलेली, बोलायला कमी आणि नजरेची तिखट. पण नजर कितीही तिखट असली तरी चित्रच आले नाही तर ती काय बघणार? त्या तारेवरून एक चित्र यायला चाळीस सेकंद लागत. वरून खाली, कोणी गोधडी हळूहळू उलगडावी तसे ते उतरे. सुमंगला टेलिफोनवर म्हणे, "संतोष, माझी चाय थंड जाता, पण तुझां चित्र काय पुराय येणा ना रे."

संतोष म्हणजे सुर्ल्याचा तारांचा आणि यंत्रांचा माणूस. मूळचा खानापूरचा, बेळगाव जिल्ह्यातला. त्यानेच मला खोक्यातून काढले, फडक्याने पुसले आणि फळीवर बसवले.

माझे काम अगदी साधे होते. परगावी राहणाऱ्याला घरून फोन करणारा शहाणा माणूस 'आपल्या घराला चार भिंती आहेत, दारात माड आहे' असे रोज सांगत बसतो काय? म्हैस व्याली, एवढेच तो सांगतो. बाकीचे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. मीही तसेच करी. कॅमेऱ्याने दिलेल्या चित्राचे बारीक चौकोनी तुकडे करी. आधीच्या चित्राशी एकेक तुकडा ताडून बघे. बदलला असेल तेवढाच तुकडा दाबून, लहान करून तारेवर सोडी. न बदललेले तुकडे माझ्या भावाजवळ आधीचेच असत. तो जुने आणि नवे जोडून पडद्यावर अख्खे चित्र उभे करी. चाळीस सेकंदांचे काम तीन सेकंदांवर आले.

पहिल्या दिवशी सुमंगलाचा फोन आला. "संतोष, आता माणसां खरीच चलतत तशी दिसतत!" त्या वर्षी दसऱ्याला मला झेंडूची माळ घातली. साहेबांनीही माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटले, माझ्यासारखा भाग्यवान मीच.

पट्ट्याची साफसफाई करणारा एक माणूस होता, आनंदा. चंदगड तालुक्यातला. त्याची बायको शेवंता पट्ट्याखाली सांडलेला माल घमेल्याने गोळा करी. पट्टा ज्या लोखंडी रुळांवरून फिरतो त्यांत दगड अडकला की आनंदा पहार घेऊन शिडीने पट्ट्यावर चढे. चढण्याआधी एक रीत होती. पट्ट्याला कुलूप घालणारी एक किल्ली होती; कुलूप लागले की आमोण्याच्या बटणानेही पट्टा हलत नसे. कुलूप लावून ती किल्ली तो खिशात टाकी. आणि आणखी एक रीत त्याने स्वतः पाडली होती. कॅमेऱ्याकडे तोंड करून तो हात वर करी. आमोण्याला सुमंगला तो हात बघे आणि पट्ट्याजवळचा पिवळा दिवा दोनदा मिचकावी. दिवा मिचकावला की तो चढे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते, दोन शब्द बोलले नव्हते. तरी आनंदा म्हणे, "आमोण्याची बाई जागी हाय तवर मला काय होत न्हाई."

मग दिवस फिरले. रस्ता रुंद करताना तार दोनदा तुटली, जोडांत पाणी शिरले. तीन सेकंदांचे बारा झाले, बाराचे वीस. खाणीचे व्यवस्थापक कृष्णनाथ साहेब वाईट होते असे मी म्हणणार नाही. पण त्यांना घाई फार होती, आणि घाईत माणसाला दुसरा माणूस दिसत नाही. पट्टा वारंवार बंद राहतो म्हणून त्यांनी आधी कुलूप उघडेच ठेवून ती किल्ली स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकली. मग ते माझ्याकडे वळले.

"संतोष, हा डबा आणखी वेगात का चालत नाही?"

"चालतो की साहेब. पण तार तेवढं नेत नाही."

"मग कमी पाठव. पान हललं, पक्षी उडाला, ते सगळं कशाला पाठवतोस? बारीक बदल सोडून दे."

संतोषने मान खाली घातली. "साहेब, लांबून माणूसपण बारीकच दिसतो."

"माणूस पट्ट्यावर जाईल कशाला? किल्ली माझ्याकडे आहे."

मित्रांनो, या बोलण्यात केवढी मोठी चूक होती ते तुम्हाला लगेच कळले असेल. किल्ली खणात होती म्हणून पट्ट्यावर चढणे थांबत नव्हते. चढणाऱ्याची राखण तेवढी गेली होती. संतोषलाही ते कळले. पण त्याच्या मागे घर होते, म्हातारे आईबाप होते. त्याने माझी मांडणी बदलली. चौकोनी तुकड्याचा दहावा हिस्सासुद्धा बदलला नसेल, तर तो न पाठवता जुनाच तुकडा चालवायचा, असा मला हुकूम झाला.

मी यंत्र. हुकूम झाला तो मी पाळला. चित्र पुन्हा तीन सेकंदांत पोचू लागले. सगळे खूष.

एक सुमंगला सोडून. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"संतोष, टाकयेर एक कावळो बसलो आसा. परवा सकाळपासून उडाक ना. मेलो काय तो?"

संतोषने आमच्या खोलीतल्या पडद्यावर बघितले, मग बाहेर जाऊन टाकीकडेही बघून आला. टाकीवर कावळा नव्हता. मांडणी बदलली तेव्हा बसला असेल, कधीचाच उडून गेला होता. तसाच तो साहेबांकडे गेला आणि तसाच परत आला. साहेब हसले होते. "तिला काय कावळे मोजायला ठेवलंय?" संतोषने फोन उचलला आणि सुमंगलाला सांगितले, "काचेवर डाग असेल. पुसतो मी."

त्याने काच पुसली नाही. डाग काचेवर नव्हताच.

त्यानंतर आठ दिवसांनी, भर दुपारी ते घडले. आमोण्याला एक बार्ज भरून सुटला होता आणि दुसरा धक्क्याला लागत होता, म्हणून सुमंगलाने पट्टा थांबवला होता. तेवढ्यात पट्ट्याच्या वरच्या टोकाला, रुळात लोखंडाचा एक तुकडा अडकलेला दिसला. खाली ट्रकांची रांग लागलेली. कृष्णनाथ साहेब स्वतः उन्हात उभे राहून ओरडत होते. आनंदा पहार घेऊन शिडीपाशी आला. किल्ली नव्हतीच. त्याने कॅमेऱ्याकडे तोंड केले आणि हात वर केला.

मी तो हात पाहिला.

कॅमेरा दूर, खांबावर होता. त्या अख्ख्या चित्रात आनंदा म्हणजे बोटाच्या पेराएवढा माणूस, डोक्यापासून पायापर्यंत तांबड्या धुळीने माखलेला, तांबड्या पट्ट्यासमोर. त्याचा हात वर गेला तेव्हा तुकड्याचा विसावा हिस्साही बदलला नाही. मी तो तुकडा बाजूला टाकला.

पिवळा दिवा मिचकावला नाही. आनंदाने पुन्हा हात केला. मी पुन्हा टाकला. त्याने तिसऱ्यांदा हात केला. खालून साहेब ओरडले, "अरे नमस्कार कसले घालतोस? चढ वर!" आनंदाने एकदा खाली शेवंताकडे बघितले आणि तो चढला.

तिकडे धक्क्यावरून बार्जवाल्याने हाक मारली. सुमंगलाने पडद्याकडे बघितले. पट्टा रिकामा. तिची सवय होती, बटण दाबण्याआधी दहा आकडे मोजायची. तिने दहा मोजले. पट्टा रिकामाच. तिने बटण दाबले.

पट्ट्याने हिसका दिला. आनंदाचा उजवा हात खांद्यापर्यंत रुळात ओढला गेला. त्याची किंकाळी खनिज फोडणाऱ्या क्रशरच्या घरघरीवरून माझ्या खोलीत आली. पहार उडून पत्र्यावर आदळली. पट्टा थांबेना. हातामागोमाग छाती गेली आणि किंकाळी मध्येच तुटली. मग रक्त आले. आधी एक रेघ, मग चिळकांड्या, मग पट्टा नेईल तिकडे पसरत जाणारा ओला, काळसर तांबडा पट. आता तुकड्याचा दहावा हिस्सा बदलला होता. मग मी तो तुकडा पाठवला.

तीन सेकंदांनी रिकाम्या पट्ट्यावर सुमंगलाला एकाएकी अर्धा माणूस दिसला. तिने पट्टा थांबवला. तोवर आनंदा गेला होता.

मित्रांनो, लोक म्हणतात यंत्राला मन नसते. नसेल. पण तो न पाठवलेला तुकडा माझ्यात कुठेतरी सलत राहिला आहे, एवढे मी सांगतो.

सुमंगला खोलीत बसून राहिली नाही. कचेरीतल्या लोकांनी अडवले तरी स्कूटर काढून ती थेट सुर्ल्याला आली. फाटकापाशी माणसे जमली होती. आनंदाला रुळातून सोडवून गोणपाटावर निजवले होते आणि त्याचा हात वेगळा काढून त्याच्या शेजारी ठेवला होता. शेवंता दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावरची धूळ पुशीत होती.

"मी सुमंगला. आमोण्याची," ती म्हणाली.

शेवंता उठली. हाताशी घमेले होते, ते तिने उचलले आणि सुमंगलाच्या कपाळावर हाणले. सुमंगला खाली पडली. शेवंताने तिच्या छातीवर गुडघा दिला आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा हाणले. "तीनदा हात केला त्यानं! तीनदा! डोळं फुटलं हुतं काय तुझं? का बघूनच दाबलीस, रांडे?" आणखी चौघे धावून आले. कोणी तिचे केस धरले, कोणी लाथ घातली. तिने मार चुकवण्यासाठी हातसुद्धा वर केला नाही. संतोषने लोकांना ढकलून तिला कशीबशी ओढत माझ्या खोलीत आणली आणि कडी लावली. बाहेरून पत्र्यावर दगड बसत होते. खिडकीची काच फुटून खोलीभर उडाली.

सुमंगलाचा एक डोळा रक्ताने मिटला होता. उघड्या डोळ्याने ती खोलीतला पडदा बघत होती. हा पडदा सुर्ल्याचा. त्याला कॅमेऱ्याची तार थेट येई, माझ्यातून नव्हे. पट्ट्यावर पडलेली आनंदाची एक चप्पल त्यात स्वच्छ दिसत होती.

"संतोष," ती हळूच म्हणाली, "तो कावळो. काचेक डाग नव्हतो मां?"

संतोष भिंतीला टेकून उभा होता. तो खाली बसला आणि फुटलेल्या काचा वेचू लागला.

संध्याकाळपर्यंत पोलीस आले, पंचनामा झाला. साहेबांनी सांगितले, की बाई मोबाईलवर बोलत होती, तिचे पडद्याकडे लक्ष नव्हते. सुमंगलावर गुन्हा नोंदला गेला. एवढे मोठे खोटे इतक्या शांतपणे बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार फाटकाबाहेर बसले होते. कोणी कामाला हात लावीना. आनंदाला उत्तरीय तपासणीसाठी नेले होते. कृष्णनाथ साहेब मागच्या रस्त्याने गाडी घेऊन माझ्या खोलीत आले. बरोबर त्यांचा ड्रायव्हर, आणि त्याच्या हातात मोठा हातोडा.

"हा डबा काढ," साहेब संतोषला म्हणाले. "काल दगडफेकीत फुटला, असं लिही."

संतोष माझ्यापुढे उभा राहिला. "साहेब, कधी काय बदललं, सगळं ह्याच्यात तारखेनिशी आहे. हा फुटला तर ती बाई आत जाईल."

"आणि नाही फुटला तर तू जाशील! मांडणी तू बदललीस ना? तुझ्याच हातानं?"

"माझ्या हातानं. तुमच्या तोंडानं."

साहेबांनी ड्रायव्हरला खूण केली. हातोडा खाली आला तो माझ्या कोपऱ्यावर. माझे झाकण फाटले, फळी हलली, पण आतला जीव वाचला. दुसरा घाव नेमका मध्यावर आला असता, तर आज मी तुम्हाला हे सांगायला उरलो नसतो. संतोषने मला दोन्ही पंजांनी झाकले. हातोडा त्याच्या डाव्या हातावर पडला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. त्याची तीन बोटे चेचली आणि रक्त माझ्या फटीत उतरले.

त्याच्या किंकाळीने फाटकाबाहेरची माणसे आत धावली. ड्रायव्हर हातोडा टाकून पळाला. साहेब सापडले. संतोष जमिनीवर पडल्या पडल्या ओरडला, "बाईनं काय केलेलं नाही! तिला आनंदादादाचा हात दिसलाच नव्हता! मी दिसू दिला नाही, ह्यांनी सांगितलं म्हणून!"

तो काय म्हणतोय ते अर्ध्यांना कळले नाही. 'ह्यांनी सांगितलं' एवढे मात्र सगळ्यांना कळले. दोघातिघांनी संतोषच्या कमरेत लाथा घातल्या. बाकीच्यांनी साहेबांना धरले. त्यांचा सदरा फाटला, चष्मा पायाखाली गेला, नाकातून रक्त आले. कोणीतरी गरजले, "पट्ट्यावर घाला ह्याला! त्याच जागी!"

साहेबांचे हात त्यांच्याच कमरेच्या पट्ट्याने पाठीमागे बांधले. फरफटत त्यांना तांबड्या चिखलातून नेले, शिडीवरून ओढत वर चढवले आणि आनंदाचे रक्त वाळले होते तिथे, रुळाच्या तोंडाशी उताणे टाकले. टाकणारे खाली उतरले. साहेब ओरडत होते, पण त्यांच्या पायाला दोरी होती आणि दोरी लोखंडी चौकटीला.

शेवंता या गर्दीत नव्हती. ती माझ्या खोलीत आली. फोन माझ्या शेजारीच होता. संतोष आपला चेचलेला हात पोटाशी धरून भिंतीशी बसला होता. तिने त्याच्याकडे बघितलेही नाही. आमोण्याला फोन लावला.

तिकडे सुमंगला आपल्या जागेवर होती. डोक्याला पट्टी. शेजारी पोलीस अधिकारी बाई. बटण कसे दाबले, कुठे बसून दाबले, ते दाखवायला तिला तिथे आणले होते. फोन तिनेच उचलला.

"मी शेवंता. आनंदाची बायको."



"बोल," सुमंगला म्हणाली.

"पट्ट्यावर तुमचा साहेब हाय. काल दाबलीस तसं बटण दाब. मग तुझं माझं फिटलं."

मित्रांनो, त्या क्षणी सुमंगलाच्या समोर काय होते ते ध्यानात घ्या. बटण बोटाखाली होते. ज्याने तिला खोटे बोलून खुनी ठरवले तो माणूस पट्ट्यावर पडला होता. आणि समोरचा पडदा? कृष्णनाथ साहेबही धुळीने तांबडे झाले होते, तेही पेराएवढेच दिसत होते. मांडणी अजून त्यांनीच सांगितलेली होती. मी त्यांनाही बाजूला टाकले. सुमंगलाचा पडदा रिकामा होता. तिने दाबले असते तर जगातला कोणताही साक्षीदार म्हणाला असता, बाईला दिसलेच नाही.

तिने हात बटणावरून काढला आणि मांडीवर ठेवला.

"शेवंता," ती म्हणाली, "माका पट्टो रिकामो दिसता."

"खोटं बोलू नको! मी हितं पडद्यावर बघालोय. तडफडालाय त्यो."

"तुझ्या पडद्यार दिसता. माझ्या दिसणा ना. बाये, तुझ्या घोवान तीनदा हात केल्यान. माका एकदाय दिसलो ना. दिसलो असतो तर ह्यो हात मी तोडून घेतलो असतो, पण बटण दाबूक नसतां."

"शपथ घे."

"शपथ कित्याक? माझ्या बाजूक पोलीस बसल्यात. तेंकाच विचार."

फोनवर दुसरा आवाज आला. "मी पोलीस अधिकारी बोलतेय. पट्टा रिकामा आहे. इथे कोणीही दिसत नाही. तिथे खरंच माणूस आहे का?"

शेवंताच्या डोळ्यांसमोर सुर्ल्याच्या पडद्यावर माणूस तडफडत होता. कानात आमोण्याचा पडदा रिकामा होता. एकच वेळ, एकच पट्टा. तिने फोन कानापासून लांब धरला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितले. मग संतोषकडे.

"ह्यानं पाठवलं न्हाई?"

"नाही वहिनी," संतोष म्हणाला. "काल पण नाही."

शेवंताच्या तोंडून आवाज फुटला तो रडण्याचा नव्हता. पोटात सुरी बसलेल्या जनावराचा असतो तसा होता. तिने पायाशी पडलेला हातोडा उचलला. मला वाटले, आता माझी पाळी. पण ती बाहेर गेली. शिडीखालच्या गर्दीत घुसून तिने हातोडा लोखंडी खांबावर हाणला. घण्णकन आवाज झाला आणि सगळे गप्प झाले.

"उतरवा त्याला."

"काय बोलालीस?" एकजण अंगावर आला. "तुझा दादला कापला त्यानं!"

"म्हणून जित्ता पायजे मला त्यो! मेला तर उत्तर कोण देणार? तुम्ही? उतरवा म्हणतोय न्हवं!"

त्याने तिला ढकलले. तिने हातोडा उगारला. त्या माणसाने तिच्या डोळ्यांत बघितले आणि तो मागे सरला. मग दोघे वर चढले. खाली आणताना कोणीतरी रागाने साहेबांना शिडीवरून सोडून दिले, त्यांच्या खांद्याचे हाड मोडले. पण पोलिसांच्या गाड्या आल्या तेव्हा ते जिवंत होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. पोलिसांनी मला जप्त केले, माझ्या अंगावर लाखेचा शिक्का मारला. जाणकारांनी मला उघडून मांडणी कधी बदलली, कोणाच्या नावाने बदलली, ते कागदावर घेतले. सुमंगलावरचा गुन्हा काढला गेला. साहेबांवर खटला झाला, त्यांना शिक्षा झाली. संतोषने काही लपवले नाही; त्यालाही थोडी शिक्षा झाली, ती त्याने भोगली. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटे आता मिटत नाहीत. तो खानापूरला शाळेत तारांची कामे करतो, असे ऐकतो. साहेबांना पट्ट्यावर टाकणाऱ्या तिघांनाही तुरुंग झाला. मारामारीत कोणाचेच भले झाले नाही.

सुमंगला दोन महिने घराबाहेर पडली नाही. मग कंपनीने नवा साहेब आणला आणि तिला बोलावले. तिने सांगितले, किल्ली चढणाऱ्याच्या खिशात राहील; चित्र हळू आले तरी चालेल, पण पुरे आले पाहिजे; आणि बटणाआधी पट्ट्याजवळच्या माणसाचा आवाज मला ऐकू आला पाहिजे. कंपनीला मान्य करावे लागले. आनंदाच्या जागी शेवंताला घेतले. पट्ट्याजवळचा माणूस म्हणजे आता तीच.

खटला संपल्यावर मी परत या फळीवर आलो. आता नवी, जाड तार आली आहे, माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. मला कोणी जोडत नाही, पुसत नाही. पण फोन अजून माझ्या शेजारी आहे. दिवसातून आठ-दहा वेळा तो वाजतो.

"शेवंता, पट्टो मोकळो?"

शेवंता बाहेर जाते. खालच्या टोकापासून टाकीपर्यंत पट्ट्याकडेने चालत जाते, चालत येते. मग फोन उचलते.

"मोकळा हाय. लाव."

याखेरीज त्या दोघी त्यानंतर एकमेकींशी कधीच काही बोलल्या नाहीत. कपाळावरची खूण सुमंगला पदराने झाकत नाही, आणि शेवंताने तिची माफी मागितलेली नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, माळ घाला, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी जुना झालो, मोडीत गेलो तर वाईट वाटून घेऊ नका. एवढेच मागतो. तुमच्याही घरी पडदे आहेत. त्यांत लांबची माणसे दिसतात, कधी हसताना, कधी गप्प बसलेली. ती चित्रे वेगाने येतात ती माझ्यासारखाच कोणीतरी काही गाळतो म्हणून. काय गाळले, ते पडदा सांगत नाही. तेव्हा लांबच्या माणसाबाबत काही ठरवायचे असेल, तर नुसते बघून ठरवू नका. त्याला हाक मारा. आणि उत्तर येईपर्यंत हात बटणापासून दूर ठेवा.